गोडंबीच्या आधी

पहाटे 5.20

उठल्याउठल्या मावशी हाताला तेल चोपडतात. खोबरेल, दहा रुपयांची पुडी. जानेवारीत ते गोठतं, म्हणून पुडी रात्री उशाखाली ठेवलेली असते. आधी बोटांच्या बेचक्या, मग मनगट, मग कोपरापर्यंत. शेवटी पापण्या, कानामागची जागा आणि मान. तेल जिरवायचं नाही, वर राहू द्यायचं. सून चुलीपाशी आहे. तिच्यापुढंही पुडी येते. "मले नाई उतत आता," ती म्हणते. मावशी ऐकत नाहीत. "मलेबी लय साल नाई उतला. मंग एका साली दोनी डोळे बंद झालते."

गाव भंडारा जिल्ह्यातलं. साकोलीकडं जाताना हमरस्ता सोडून डावीकडं आत यायचं. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला झुडपी जंगल, आणि त्याच्याही पलीकडं 2013 साली जाहीर झालेलं कोका अभयारण्य. धान चुरून झालंय. मोहफुलाला अजून दोन महिने आहेत, तेंदूपत्त्याला चार. हे मधले दिवस बिब्ब्याचे.

सकाळी 6.30

निघताना सामान एवढंच. बांबूच्या दोन टोपल्या, दोन पोती, विळा बांधलेली लांब आकडी, पाण्याची बाटली आणि फडक्यात भात. भातासोबत लाखोरीचं वरण आणि मिरची. अंगावर मावशींचं ठरलेलं लुगडं. हंगामभर हेच नेसायचं, वेगळं धुवायचं, वेगळं वाळत घालायचं. त्यावर जागोजाग काळे डाग आहेत. ते कशानंच जात नाहीत. पूर्वी परीट लोक कपड्यावर खूण करायला हाच बिब्बा चुन्यासोबत वापरत. शंभर धुण्यांतही खूण हलत नसे.

आज पाच बायका आहेत. एकटं कोणी जात नाही. वाटेत ओल्या मातीत वाघाचा पंजा दिसतो. कालचा असावा. सगळ्या थांबतात, बघतात, मोठमोठ्यानं बोलायला लागतात आणि पुढं निघतात. अभयारण्याची पाटी दिसते तिथून वाट वळते. पाटीपलीकडं कोणी पाय टाकत नाही. आतली झाडं फळांनी लगडलेली इथूनही दिसतात.

सकाळी 7.15

पहिलं झाड. बिब्बा मध्यम उंचीचा असतो. पानं हातभर लांब, खरखरीत, मागून राखाडी. सालीला चीर गेली की आतून चीक येतो आणि तो काळा पडतो. मी सावलीला सरकतो तशी हाक येते. "भाऊ, खाली नका उभे राऊ. नवीन मानसाले लवकर चढते."

चढणं म्हणजे अंगावर पुरळ उठणं. खाज, फोड, पाणी, सूज. ज्याला ते सोसत नाही त्याला झाडाखालून जाणंही पुरतं, असं इथं सगळेच सांगतात. बिब्ब्याचं लाकूड चुलीत कोणी घालत नाही. धुरानंही तोंड सुजतं.

फळ दिसायला देखणं आहे. वर केशरी बोंड, त्याच्या टोकाला काळा, चकचकीत, चपटा बिब्बा. काजूची आठवण येते, आणि ती बरोबर आहे. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातही असंच भाजणारं तेल असतं. बोंड निरुपद्रवी. वाळवून पोरं खातात, म्हातारी माणसं उकडून खातात. सगळं विष त्या काळ्या टरफलात, आणि टरफलाच्या आत गोडंबी. ती गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात पडते.

आकडीनं फांदी हलवायची. फळं टपटपतात. मग उकिडवं बसून वेचायचं. बिब्ब्याला शक्यतो बोटं लावायची नाहीत, बोंडाला धरून उचलायचं. हे सांगायला सोपं आहे. पालापाचोळ्यात बोंड दबलेलं असतं आणि काळा भाग वर असतो. बोट तिथंच पडतं.

सकाळी 9.45

टोपल्या अर्ध्या. भात खाण्याआधी हात धुवायचे, पण पाण्यानं सुरुवात नाही. आधी माती चोळायची, मग राख, मग थंड पाणी. जेवताना कोणी डोळ्याला हात लावत नाही. सुनेच्या कपाळावर माशी बसते. ती मान झटकते, हात वर नेत नाही. सवयच लागलेली आहे.

सकाळी 11.30

परत. दोघींच्या पोत्यांत मिळून चौदा-पंधरा किलो ओलं फळ असेल. अंगणात जुन्या ताडपत्रीवर ते पसरलं जातं. बोंड पिळून वेगळं करायचं, बिब्बा वेगळा. बोंडं छपरावर सुकायला जातात. बिब्बे चार-पाच दिवस उन्हात राहतील. कोंबड्या ताडपत्रीवर येत नाहीत. कुत्रंही वळसा घालून जातं.

दुपारी 12.15

आता फोडणी. आठवड्यापूर्वी वाळत घातलेले चार किलो बिब्बे आज फोडायचे आहेत. चार किलो म्हणजे दीडेक हजार.

हत्यारं तीन. मधोमध खळगा पडलेला काळा दगड. दांडा दोनदा बदललेली हातोडी. आणि टोपलंभर चुलीची राख. मावशी चश्मा चढवतात. नेत्रशिबिरात फुकट मिळालेला. एक काडी मोडलेली, तिथं दोरा. "दिसाले नाई लागत हा," त्या म्हणतात. चश्मा शिंतोड्यांसाठी आहे.

बिब्बा राखेत घोळवायचा. डाव्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं दगडावर कडेवर उभा धरायचा. एक ठोका. जोर कमी पडला तर टरफल नुसतं चेपतं आणि तेल बाहेर येतं. जास्त झाला तर आतली गोडंबी चुरते, आणि चुऱ्याला निम्मा भाव. नेमका बसला तर टरफल दोन फाकांत उघडतं. तेल काळपट, दाट, मधासारखं तार धरणारं. ते बोटांवर येतं. बोटं राखेत. टोकदार काडीनं गोडंबी उचलायची आणि सुपात टाकायची. पांढरट, पातळ सालीची. मग पुढचा बिब्बा.

मी मावशींचा डावा अंगठा बघत राहतो. टोकाची कातडी काळी, जाड आणि तडकलेली आहे. नखाच्या कडेला जुना फोड सुकून त्यावर खपली धरलीय, त्याच्या शेजारी नवा आहे. रेघा नाहीत. अंगठा गुळगुळीत झालाय.

हे तेल भाजतं कसं, ते रसायनशास्त्रात नीट कळलेलं आहे. टरफलात कॅटेकोल जातीची संयुगं असतात, त्यांना भिलावनॉल म्हणतात. प्रत्येकाला पंधरा कार्बनची लांब शेपटी असते. त्या शेपटीमुळं ते कातडीच्या चरबीत सहज शिरतं. आत गेलं की रूप बदलतं आणि कातडीच्या प्रथिनांना चिकटतं. मग शरीर स्वतःच्याच कातडीला परकं समजून तिच्यावर तुटून पडतं. या कामाला वेळ लागतो. म्हणून आज लागलेला बिब्बा पुष्कळदा उद्या-परवा उततो. मावशींचं तेल, राख, माती याला तोड म्हणून तंतोतंत बसतं. वरच्या तेलात विष अडकतं, राख ते शोषते, माती ते ओढून काढते. थोडं तरी.

दुपारी 1.30

ठोके चालू आहेत. सून दुसऱ्या दगडावर बसली आहे. तिचा हात जलद आहे, पण चुरा जास्त निघतो.

मावशी विचारतात, "मोबाइलवर दाखवते, क्यान्सरले बिब्बा चालते म्हून. खरं हाये का?"

ठोक्याठोक्यांच्या मधल्या जागेत मी सांगत जातो. परळला टाटा रुग्णालयाच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिब्ब्याच्या अर्काचा प्रयोगातल्या गाठींवर काय परिणाम होतो ते तपासलं. ते 1980 साली छापून आलं. 1983 साली तिथल्याच लोकांनी थेट तेलच तपासलं. त्याचा दाह कमी करावा म्हणून त्याच्यावर रासायनिक प्रक्रियाही करून पाहिली. पुढं मद्रास विद्यापीठात सिद्ध वैद्यकातल्या पद्धतीनं दुधात केलेला बिब्बा यकृताचा कर्करोग घडवलेल्या उंदरांना दिला गेला. गुण दिसला. 2009 साली तेलातून एक कॅटेकोल अगदी शुद्ध करून वेगळं काढलं आणि ते कर्करोगाच्या पेशींवर टाकून पाहिलं. पेशी मेल्या. म्हणजे मावशींच्या अंगठ्याला जे भाजतं, त्याच जातीचं काहीतरी पेशींच्या त्या बशीत होतं.

"आनि मानसावर?"

रीतसर चाचण्यांतून पार होऊन दवाखान्यात आलेलं औषध अजून नाही, मी सांगतो.

"मंजे उंदरं वाचले," मावशी म्हणतात आणि ठोका घालतात.

हसू येतं, पण त्यांचं म्हणणं खरं आहे. बशीतल्या पेशी मारणं अवघड नाही. पेशी मरतील आणि माणूस राहील, अशी मात्रा सापडणं अवघड. विषारी झाडांतून हे झालेलंच नाही असं मात्र नाही. मावशींच्या कुडाजवळ सदाफुली आहे. बकरी तिला तोंड लावत नाही. तिच्यातून निघालेली विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही औषधं 1960 च्या दशकापासून वापरात आहेत. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात विनक्रिस्टिन आजही देतात. शेकडो किलो सुक्या पानांतून ते ग्रामभर निघतं. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी पुढं अमेरिकेत गेले. त्यांनी आणि मनरो वॉल यांनी 1966 साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं आणि 1971 साली यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल. यू इतका विषारी की त्याचा पाला खाऊन गुरं मरतात. टॅक्सॉल औषध म्हणून मंजूर व्हायला 1992 साल उजाडलं. एकवीस वर्षं.

मावशी सदाफुलीकडं बघतात. "हे गावभर हाये," त्या म्हणतात. "कोनी घ्याले येत नाई."

दुपारी 2.50

सुपातलं पाखडून होतं. राख उडते, गोडंबी राहते. तीनशे ग्रॅम. चुरा निराळा. टरफलं एका खड्ड्यात जातात. ती बाहेर फेकली तर पोरांच्या पायाला लागतात. पायात काटा मोडला तर मात्र इथली माणसं बिब्ब्याच्याच गरम तेलाचा चटका देतात. भेगांनाही तेच. विषाची मात्रा किती, हे इथं हातांना कळतं.

दुपारी 3.30

रेशन दुकान. मशिनवर मावशी उजवा अंगठा ठेवतात. लाल दिवा. पुसून पुन्हा. लाल. डावा. लाल. तर्जनी, मधलं बोट. दुकानदाराला हे नवीन नाही. "हंगाम आहे ना," तो म्हणतो आणि सुनेला पुढं बोलावतो. सुनेच्या उजव्या अनामिकेवर दिवा हिरवा होतो. पुढच्या हंगामापर्यंत होईल, असं ती म्हणते. तांदळाचं पोतं ती डोक्यावर घेते.

संध्याकाळी 4.45

खरेदीदार मोटारसायकलवर येतो. मागं पोती, पुढं तराजू. तोंडात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. बोलताना तो हनुवटी वर करतो, म्हणजे थुंकी सांडत नाही.

मागल्या आठवड्याचे वाळलेले बिब्बे साडेनऊ किलो भरतात. अर्धा किलो घट म्हणून जातो. नऊ किलो, अठरा रुपयांनी एकशे बासष्ट. गोडंबी तीनशे ग्रॅम, साडेचारशे रुपये किलोनं एकशे पस्तीस. चुरा तो घेत नाही. एकूण दोनशे सत्त्याण्णव. तो तीनशे देतो आणि तीन रुपये पुढच्या खेपेला धरतो.

रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये होता. एका माणसाचा, एका दिवसाचा, काम निघालं तर. इथं दोघी आहेत, आणि बिब्बे वाळायचे दिवस वेगळे.

गौण वनउपजाला किमान भाव मिळावा म्हणून केंद्राची यादी आहे. तिच्यात बिब्बा आहे. मी खरेदीदाराला तसं म्हणतो. तो मान हलवतो. "यादीत हाये. केंद्र कोठी हाये ते सांगा, मीच नेऊन देतो."

हा माल जातो कुठं? तो बोटं मोजतो. थोडा भंडाऱ्याच्या बाजारात, लिंबू-मिरची विकणाऱ्यांना. शनिवारी दुकानांच्या आणि ट्रकच्या तोंडाशी लिंबू-मिरचीच्या तळाला जो काळा मणी लोंबतो, तो हाच. थोडा नागपूरला इतवारीत. बाकीचा औषधवाल्यांना. गोडंबी सुकामेव्याच्या दुकानात जाते. तिथं शंभर ग्रॅमची पुडी शंभराच्या वर जाते, हे मावशींना माहीत आहे. त्यांनी ती नागपूरच्या एका दुकानात काचेमागं बघितली आहे. आत गेल्या नव्हत्या.

औषधवाले बिब्बा कच्चा वापरत नाहीत. आयुर्वेदात तो भल्लातक. चरकानं त्याला रसायनात जागा दिली, आणि पुढच्या ग्रंथांनी उपविषांतही बसवलं. आधी शोधन. विटेच्या चुऱ्यात घोळवून चोळायचा, तेल विटेत जिरू द्यायचं, मग धुवायचा. मावशींची राख आणि वैद्याची वीट एकच काम करतात. औषधांच्या कायद्यातही विषारी द्रव्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. बाटलीवर वैद्याच्या देखरेखीखाली घ्या, असं छापावं लागतं. मोबाइलवरच्या व्हिडिओवर तसं काही छापावं लागत नाही.

संध्याकाळी 6.10

हिशेब सून लिहिते. पोराच्या जुन्या वहीच्या मागल्या पानांवर. तेलाची पुडी दहा, कपड्याचा साबण दहा, मलम पस्तीस. मलम रोज लागत नाही, पण आज आणलं. मावशींच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लाल चट्टा उठतोय. सकाळी तेल तिथं कमी पडलं असेल किंवा घामानं गेलं असेल. त्यांनी तो आता पाहिला. खाजवत नाहीत. ओल्या फडक्यानं दाबून ठेवतात. आत्ता खाजवलं तर पाणी पसरेल, असं त्या म्हणतात. खरं तर त्या पाण्यानं चट्टा पसरत नाही. नखात राहिलेल्या तेलानं पसरतो. न खाजवण्याचा नेम दोन्हीकडून बरोबरच.

खोबरं किसून त्यावर बांधतात. खोबरं घरातलं, त्याचा हिशेब वहीत नाही.

संध्याकाळी 7.40

कुडापाशी एक जण येऊन उभा राहतो. गावातलाच. चाळिशीचा. "मावशी, पाच बिब्बे द्या."

"कावून?"

त्याच्या भावासाठी. भावाचं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. गालात आतून पांढरा चट्टा आहे, तिखट लागलं की आग होते. तीन महिने झाले. व्हिडिओत सांगितलंय, बिब्बा तुपात तळून सकाळी उपाशीपोटी.

"वैद्यानं सांगतलं का?"

"नाई. व्हिडिओत."

मावशी उठतात. खोबरं बांधलेला हात कंदिलापुढं धरतात. लाईट गेलेली आहे. "हे वरून लागलं हाये," त्या म्हणतात. "भावाच्या आतड्याले फडकं कोठून बांधशील?"

तो गप्प राहतो. मग म्हणतो, नागपूरला नेलं तर ऑपरेशनच सांगतील.

"सांगतील तं सांगतील. तुकडोजीच्या दवाखान्यात ने." राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय नागपुरात आहे. मावशींच्या दिराला तिथं नेलं होतं. "आधार कार्ड घे. रेशन कार्डबी घे, दोनी लागतात. आनि त्याले म्हनावं, आजपासून खर्रा बंद."

तो मान डोलावतो. त्याच्या स्वतःच्या गालातही काहीतरी आहे. ते तो कुडाबाहेर थुंकून येतो.

"एसटी कितीची हाये मावशी?"

"फाट्यावर साडेसहाची. कवा कवा येतच नाई. सहालेच जाऊन बसा."

बिब्बे त्या देत नाहीत.